सहा माळा आणि माझा कर्नल

"नवा प्रोसेसर? चार दिवसांचं काम!" असं मी मालिनीताईंना छातीठोकपणे सांगितलं, तेव्हा १९८७ सालचा एप्रिल चालू होता, माझ्या डोक्यावर केस होते आणि रत्नागिरीत मला थोडाफार मान होता. यातलं आता काहीच शिल्लक नाही.

मी दत्तात्रेय, म्हणजे सगळ्यांचा दत्तू. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत सहा वर्षं काढली, मग गावी येऊन एमआयडीसीत दोन खोल्यांचं वर्कशॉप टाकलं. मालिनीताई आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्ष. मंडळाचं आमरस केंद्र होतं. तिथली पद्धत अशी, की ज्याने त्याने आपल्या कलमांचे हापूस आणून द्यायचे. केंद्राने रस काढून डब्यांत भरायचा, डबे हवाबंद करून उकळत्या टाकीत पंचवीस मिनिटं शिजवायचे आणि प्रत्येक डब्यावर त्या त्या घराचं नाव रंगवून परत द्यायचे. आपल्या आंब्याचा रस आपल्याच घरी! चुकून शेजाऱ्याचा डबा घरी आला, तर लोक जावई बदलून आल्यासारखा चेहरा करायचे.

या टाक्यांवर अठरा वर्षं आनंदीबाई होत्या. आमच्या आळीतल्याच, म्हणून मी त्यांना आनंदीमावशी म्हणायचो. बाईंनी घड्याळाकडे कधी पाहिलं नाही. पाण्याला उकळी आली की जपाची माळ हातात घ्यायच्या. सहा माळा पुऱ्या झाल्या की हाक, "काढ रे केरू!" की केंद्रावरचा गडी केरू डब्यांची जाळी वर ओढायचा. डबा कमी शिजला तर आतला रस आंबतो, डबा फुगतो आणि शेवटी फुटतो. अठरा वर्षांत आनंदीबाईंचा एकही डबा फुगला नव्हता. त्यांच्याकडे दुसरं काही मिरवायला नव्हतंच, पण एवढं एक होतं.

आदल्या वर्षी मी तिथे माझं यंत्र बसवलं होतं. तीन टाक्या, तिन्हींच्या सुरू व्हायच्या वेळा वेगळ्या आणि सगळ्यांवर लक्ष ठेवणारा ८०८५ नावाचा एकच प्रोसेसर! एकाच वेळी तीन कामं सांभाळायची तर आत एक छोटीशी ऑपरेटिंग सिस्टीम लागते. तिचा गाभा, म्हणजे कर्नल, मी स्वतः लिहिला होता. पूर्ण चाळीस पानं! त्या वर्षी यंत्राची घंटा आणि सहाव्या माळेचा शेवटचा मणी एकदमच पडायचे. "तुझं यंत्र शहाणं आहे हो दत्तू," आनंदीबाई म्हणाल्या होत्या. मी ते वाक्य वर्षभर सगळ्यांना ऐकवलं.

यंदा टाक्या सहा झाल्या. जुना बोर्ड पुरेना. मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे मला झेड-८० प्रोसेसरचा बोर्ड मिळाला. आता माझ्या कर्नलला हा नवा प्रोसेसर चालवता यायला हवा होता. त्यात कसली भीती! प्रोसेसरशी थेट बोलणारा भाग मी मोठ्या दूरदृष्टीने वेगळा काढून चार पानांत ठेवला होता. उरलेली छत्तीस पानं जगातल्या कुठल्याही प्रोसेसरवर चालतील, असा माझा दावा होता. तो मी बायकोला, सासऱ्यांना आणि एकदा न्हाव्यालाही सांगितला होता.

चार दिवसांत चार पानं बदलली. यंत्र सुरू केलं. दिवे लागले, आकडे पळाले, पंचवीस झाले, घंटा वाजली! वेळ बरोबर आहे की नाही हे मी कशावरून तपासलं? यंत्राच्याच आकड्यांवरून. पंचवीस दाखवतंय म्हणजे पंचवीसच झाली असणार! मनगटावर घड्याळ होतं, पण ते बघावं असं मला वाटलं नाही.

पहिल्याच दिवशी केंद्रावर घंटा झाली आणि आनंदीबाईंनी डोळे उघडले.

"अरे दत्तू, माझ्या साडेचारच माळा झाल्या."

"मावशी, हात मंदावला असेल," मी हसत म्हणालो. "वय झालं आता!"

"असेल हो," त्या म्हणाल्या आणि हातातल्या माळेकडे बघत राहिल्या.

केरू मध्ये पडला. "सायेब, मनापन वाईच लवकर वाटलां."

"केरू, हा नवा प्रोसेसर आहे. जुन्यापेक्षा वेगवान!" मी म्हणालो. किती खरं बोललो होतो, ते मला पुढे कळलं.

आठ दिवसांनी आनंदीबाईंच्याही माळा घंटेबरोबर पुऱ्या व्हायला लागल्या. मला वाटलं, चला, बाईंना सूर सापडला!

पहिला डबा माझ्याच घरी फुटला. पद्मजाने, म्हणजे माझ्या बायकोने, चोवीस डबे पलंगाखाली रचून ठेवले होते आणि पलंगावर माझे सासरे वामकुक्षी घेत होते. धडाम! सासरे उठून थेट अंगणात. पाठीमागून रस सगळ्या धोतरभर!

"मला लागलंय! मला लागलंय!" ते ओरडत होते.

"बाबा, आमरस आहे तो!" पद्मजा म्हणाली.

"मग काय कमी लागलंय?"

दुसऱ्या दिवशी मालगुंडच्या एका घरात देवघराखालचे तीन डबे ऐन आरतीत गेले. तिसऱ्या दिवशी तर हातखंब्याला कमाल झाली. कोणीतरी मुंबईच्या लेकाला एसटीतून डबे पाठवले होते. आवाज झाला तसा ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली. चौपन्न माणसं उतरून टायर तपासायला लागली. सहाही टायर ठणठणीत! सगळे परत चढले, गाडी सुटली आणि दुसरा डबा फुटला. पुन्हा सगळे खाली! म्हणे गाडी मुंबईला पोचली तेव्हा ड्रायव्हर कंडक्टरशी बोलत नव्हता.

आता चूक कोणाची? आधी डब्यांच्या पत्र्यावर आळ आला. मग आंब्यावर. यंत्रावर मात्र कोणीच घेतला नाही, कारण यंत्र दत्तूचं आणि दत्तू पुण्याला राहून आलेला! शेवटी सगळ्या नजरा आनंदीबाईंकडे वळल्या. उकळी आली की नाही ते त्यांना नीट दिसत नसेल, त्यांचं आता होत नाही, त्यांना विश्रांती द्यावी. शनिवारी सकाळी मंडळाची सभा ठरली.

शुक्रवारी दुपारी आनंदीबाई स्वतः माझ्या वर्कशॉपवर आल्या. उन्हातून, चालत.

"दत्तू, तू शिकलेला आहेस. माझी जरा परीक्षा घे. सभेत जायच्या आधी माझं मला कळू दे."

"कसली परीक्षा, मावशी?"

"तू घड्याळ लाव. मी सहा माळा करते. पूर्वी करायचे तशा, सावकाश."

मी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि गंमत म्हणून बाजूचा झेड-८० चा बोर्डही सुरू केला. बाईंनी डोळे मिटले. माळ फिरू लागली. पाचवी माळ अर्ध्यावर होती, तोच बोर्डाची घंटा वाजली. मी घड्याळ पाहिलं. एकोणीस मिनिटंसुद्धा झाली नव्हती!

बाई थांबल्या नाहीत. सहावी माळ संपली तेव्हा घड्याळात पंचवीस मिनिटं आणि वर दहा सेकंद झाली होती.

सगळं एका क्षणात लक्षात आलं. प्रोसेसरला ताल देणारा जुन्या बोर्डावरचा स्फटिक सेकंदाला तीस लाख ठोके द्यायचा, नव्या बोर्डावरचा चाळीस लाख देत होता. तीस लाख ठोक्यांचा एक सेकंद, हा हिशेब मी त्या चार पानांत लिहिलाच नव्हता! तो होता एकोणिसाव्या पानावर, त्या कुठेही चालणाऱ्या छत्तीस पानांत, सुखाने बसलेला. माझ्या कर्नलचा प्रत्येक सेकंद पाऊण सेकंदात संपत होता.

"काय रे?" बाईंनी विचारलं. "चुकलं ना माझं?"

"नाही... म्हणजे... बघतो मी," मी म्हणालो.

"आठ दिवस मी जप पळवत्ये," त्या हळूच म्हणाल्या. "घंटेला गाठायला. नाव पुरतं तोंडात येत नाही तो पुढचा मणी. देवाला काय वाटलं असेल रे!"

तेव्हाच सांगायला हवं होतं. मला आजही त्या दुपारची लाज वाटते. मी त्यांना पाणी दिलं, रिक्षापर्यंत सोडलं आणि घरी जाऊन पोटात दुखतंय असं सांगून झोपलो.

सभेत मी उभा राहिलो तो पूर्ण तयारीनिशी. "आदरणीय अध्यक्ष, सदर घटनेमागे स्फटिकाच्या वारंवारतेतील तफावत आहे."

"म्हणजे आनंदीबाईंच्या हातून झालं ना?" मालिनीताईंनी विचारलं.

"नाही, म्हणजे कर्नलमधील कालमापनाच्या स्थिरांकाचे..."

"कुठले कर्नल? मिलिटरीतले? ते केंद्रावर कधी आले?"

"ताई, तसं नव्हे, प्रोसेसरच्या..."

"मराठीत सांग रे!" मागून कोणीतरी ओरडलं.

आनंदीबाई कोपऱ्यात केंद्राच्या किल्ल्या मांडीवर घेऊन बसल्या होत्या. द्यायच्याच आहेत अशा तयारीने. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि माझी सगळी तयारी गळून पडली.

"माझं चुकलं," मी म्हणालो. "मशीन घाईत चालतंय. मी तपासलं नाही. मावशींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, तर मी त्यांचं वय काढलं. त्यांची माळ बरोबर होती. मी गाढव आहे!"

हे मात्र सगळ्यांना लगेच समजलं.

माझं शेवटचं वाक्य इतिवृत्तात जसंच्या तसं आहे. ते वाचून कायम करण्यात आलं, सूचक पद्मजा, अनुमोदक माझे सासरे.

एकोणिसाव्या पानावरचा आकडा बदलायला मला दोन मिनिटं लागली. सोमवारी चाचणी ठरली. निम्मी रत्नागिरी टाक्यांभोवती जमली होती. पाण्याला उकळी आली, मी बटण दाबलं, आनंदीबाईंनी डोळे मिटून माळ घेतली. मी मनगटावरून नजर हलवली नाही. बरोबर पंचवीस मिनिटांनी घंटा वाजली!

आनंदीबाईंनी डोळे उघडले नाहीत. माळ फिरतच होती.

लोक माझ्याकडे बघू लागले. एक मिनिट गेलं. चार गेली. आता काय राहिलं? विसाव्या पानावर काही होतं का?

"काडू काय वो, बाय?" केरू कुजबुजला.

बाईंनी शेवटचा मणी ओढला, माळ कपाळाला लावली आणि डोळे उघडले. "काढ की रे! सहा माळा घंटेबरोबरच झाल्या."

"मग मावशी, पुढे हे काय करत होतात?" मी विचारलं.

"सातवी माळ तुझ्यासाठी," त्या म्हणाल्या. "तुला गरज आहे."