मिठाची मागणी

गोपीनाथला इंग्रजी पाठ होत नसे. म्हणून तो पुस्तकातलं वाक्य आधी मराठीत आणायचा आणि मग ओट्यावर येरझाऱ्या घालत मोठ्यानं घोकायचा. कोपरीच्या आगरी वस्तीतून इंटरला जाऊन अर्थशास्त्र घेणारा तो पहिलाच, त्यामुळे त्याच्या आरड्याओरड्याबद्दल कोणी तक्रार करत नसे. त्या सकाळी त्याचा बाप धाकू राखुंडीनं दात घासत होता. धाकू मिठागरावर मुकादम होता आणि कामावर निघायच्या घाईत होता. तेवढ्यात त्याच्या कानावर आलं, "मीठ ही अशी वस्तू आहे, की भाव वाढला तरी तिची मागणी फारशी घटत नाही."

धाकूनं चूळ भरली. "परत वाच."

गोपीनाथनं परत वाचलं.

"ह्या बुकान लिवलाय?"

"हो. विलायतेच्या प्रोफेसरनं."

"छापलाय ना? हातानं लिवलेला नाय?"

"छापलंय, बाबा."

धाकू घाई विसरून ओट्यावर बसला. गेली कित्येक वर्षं तो मिठागराचे मालक त्र्यंबकराव यांच्याकडे रोजाला दोन आणे वाढ मागत होता, आणि त्यांचं उत्तर ठरलेलं होतं: मजुरी वाढवली तर मिठाचा भाव वाढवावा लागेल, मग आपलं मीठ घेणार कोण? हे उत्तर धाकूला पटत नसे, पण खोडताही येत नसे. आता ते थेट विलायतेनंच खोडलं होतं.

मिठागरावर धाकू धरून बारा जण होते; संध्याकाळपर्यंत सगळ्यांना ही बातमी कळली. नाथा तेवढा शंकेखोर. तो म्हणाला, "त्या परफेसरनं आपला मीठ चाखलाय का?"

"चाखल्याबिगर लिवल का रं?" धाकू म्हणाला, आणि तो मुद्दा तिथंच मिटला. गोपीनाथची आई ठमाबाई हळदकुंकू घेऊन पुस्तकाची पूजा करायला आली. पुस्तक लायब्ररीचं आहे असं गोपीनाथ कळवळून म्हणाला, तेव्हा तिनं वरच्या खाकी कव्हरापुरतंच बोट टेकवलं.

रविवारी सगळे नौपाड्यात त्र्यंबकरावांच्या घरी गेले. त्र्यंबकराव भला माणूस. त्यांनी कधी आवाज चढवला नाही. त्यांनी सगळ्यांना चहा सांगितला. कप सहाच होते, म्हणून दोन पाळ्या झाल्या. गोपीनाथनं उभं राहून ते वाक्य वाचलं.

"इकडे आण पाहू," त्र्यंबकराव म्हणाले. त्यांनी चष्मा लावला, वाक्य इंग्रजीतून वाचलं आणि पान उलटलं. पुढचं पान गोपीनाथनं अजून मराठीत आणलेलं नव्हतं.

बराच वेळ वाचून त्र्यंबकरावांनी मान वर केली. "धाकू, पुस्तक खरं बोलतंय. इतकी वर्षं मीच चुकत होतो."

धाकूचे डोळे भरून आले.

"आणि पुढं तर फारच उपयोगाचं लिहिलंय. भाव उतरला म्हणून लोक मीठ जास्त खात नाहीत. म्हणजे आपण एवढ्या राशी घातल्या तेच चुकलं. मीठ कमी काढलं तर भाव चढेल आणि पैसा उलट जास्त येईल. भांडुपपर्यंतच्या सगळ्या मिठागरवाल्यांना आजच पत्रं टाकतो. यंदापासून निम्मे वाफे कोरडे ठेवायचे."

"आनी मानसा, रावसाहेब?"

"माणसंही निम्मीच लागतील. पण जी राहतील त्यांना दोन आणे वाढ, हा माझा शब्द." हा शब्द त्यांनी पुढं पाळलाही. "कमी करायची सहा नावं तूच सांग. कोणाचं कसं आहे ते तुला ठाऊक."

धाकूनं एकेकाकडे पाहिलं. नाथा रिकाम्या कपात बघत होता. प्रत्येकाच्या घरी खाणारी तोंडं किती, हे धाकूला खरंच ठाऊक होतं. त्यानं पहिलं नाव स्वतःचं सांगितलं. मग उरलेल्या पाच जणांना त्याच्याशी भांडताही येईना.

परत येताना गोपीनाथला कोणी एक शब्द बोललं नाही. कोणी शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. धाकू खाडीच्या तळाची रेती काढणाऱ्या होडीवर जाऊ लागला. पन्नाशीत रोज बुड्या मारायच्या म्हणजे खेळ नव्हे. पण मुलाचं कॉलेज थांबवायचं नाव त्यानं काढलं नाही, आणि याचंच गोपीनाथला रडू येई.

मार्चमध्ये परीक्षा झाली. जूनमध्ये निकाल लागला, आणि गोपीनाथ अर्थशास्त्रात कॉलेजात पहिला आला. तो घरी आला तेव्हा धाकू रेतीनं सोललेल्या हातांना खोबरेल लावत बसला होता.

"मिठाचा सवाल आलेला?"

"आलेला. चार पानं लिहिली."

"आनी आमचा? आमचा लिवलास का?"

"ते विचारलं नव्हतं, बाबा."

धाकूनं थोडा विचार केला आणि समाधानानं मान हलवली.

"मंग बरा केलास. इचारला नाय ता लिवला, तर मारका कापतान."