बोलायला शिकायचे पैसे

आमचे शेजारी अप्पा भाटकर कुठल्याही गोष्टीला चांगलं किंवा वाईट म्हणत नाहीत. ते आण्यांत बोलतात. माझ्या भाचीच्या लग्नात ते अंतरपाट दूर होईपर्यंत नवरदेवाकडे टक लावून बघत होते. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "बारा आणे. अजून वर्षभर आईच्या हाताखाली राहिला असता तर बरा निघाला असता." हातखंब्याच्या नाक्यावरची मिसळ नऊ आणे. नवीन डॉक्टर सात आणे. त्या डॉक्टरांनी प्रेशर नॉर्मल आहे असं सांगितलं, तर अप्पांनी त्यांनाच विचारलं, "नॉर्मल म्हणजे किती आणे?"

हे खूळ आलं आंब्यावरून. पावसला अप्पांची हापूसची बाग आहे. आंबा झाडावरून उतरवायचा तो चौदा आणे तयार झाल्यावर. उरलेले दोन आणे तो पेटीत, गवतात बसून स्वतः भरून काढतो. झाडावरच सोळा आणे झाला तर तो माकडाचा. आणि दहा आण्यांना काढला तर? तर तो पिवळा होतो, पण साल सुरकुतते आणि चव काही धरत नाही. आंब्याचे खांदे भरलेत का, देठाशी खळी पडलीय का, हे अप्पा खाली उभे राहून चष्म्याशिवाय सांगतात. वाशीच्या दलालाने त्यांची पेटी आजवर परत केलेली नाही. याचा त्यांना भारी अभिमान, आणि तोच पुढे नडला.

रेवती ही त्यांची एकुलती एक मुलगी. चालायच्या आधी बोलायला लागली ती थांबलीच नाही. वाडीच्या गणपतीत माइक कायम तिच्या हातात. हरवलेल्या चपलेची घोषणासुद्धा अशी करायची, की मांडवातला प्रत्येक जण आपापल्या पायांकडे बघायचा. बारावी झाल्यावर तिने पुण्याला जाऊन मास कम्युनिकेशन शिकायचं जाहीर केलं. अप्पा तडक माझ्याकडे आले. मी तीस वर्षं कॉलेजच्या ऑफिसात काढलेली, म्हणून ते मला भाऊसाहेब म्हणतात आणि शिक्षणातलं सगळं मला कळतं असं धरून चालतात. मीही त्यांचा गैरसमज कधी दूर केला नाही.

"ओ भाऊसाहेब, ह्या मास कम्युनिकेशनात शिकवतात काय?"

"बातम्या, रेडिओ, जाहिराती. थोडक्यात, लोकांशी कसं बोलायचं ते."

"बोलायचं? ता शिकायला पैसे कशाला? आमच्या हिला गप्प बसवायचा कोर्स असेल तर सांगा, डबल फी भरतो."

मग त्यांनी कालनिर्णयाचं मागचं पान फाडलं आणि फी, होस्टेल, मेस, एसटी असा तीन वर्षांचा खर्च आंब्याच्या पेट्यांमध्ये मांडला. मी चहा घेता घेता आकडे पुरवले. नंतर पगार किती, हे विचारायला मी मुंबईला वर्तमानपत्रात असलेल्या पुतण्याला फोन लावला. तो म्हणाला, सुरुवातीला सहा महिने बहुतेक ठिकाणी फुकट काम करावं लागतं, त्यानंतर जे मिळतं त्यात मुंबईत खोली येत नाही.

"फुकट?" अप्पा ओरडले. "आधी पैसे भरून शिकायचं आणि मग फुकट राबायचं? अहो, बागेतल्या राखणदाराला मी पगार देतो, तांदूळ देतो, वर चादर देतो! कलम लावलं तर पाचव्या वर्षी धरतं. ही डिग्री कधी धरणार?"

हे त्यांनी घरी जाऊन रेवतीला ऐकवलं.  पण रेवतीच्या आईने घरात मासळी आणणं बंद केलं. दोन दिवस अप्पांनी मुगाची आमटी गिळली आणि तिसऱ्या दिवशी फी भरून आले. मला म्हणाले, "सहा आण्यांचा कोर्स आहे, पण बांगड्यापुढे माझं काय चालतं?"

दोन वर्षं रेवती पुण्याला होती. दर रविवारी तिचा फोन यायचा आणि अप्पा तो स्पीकरवर टाकून ओटीवर बसायचे. कॉलेजच्या रेडिओवर तिला सकाळचा कार्यक्रम मिळाला होता, हे सगळ्या आळीला ठाऊक होतं. अप्पा "वायफळ बडबड" म्हणायचे, पण आवाज मोठा ठेवायचे.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी अवकाळी पावसाने मोहोर काळा पडला. बागेत निम्मा आंबासुद्धा राहिला नाही. अप्पा ते जुनं कालनिर्णयाचं पान घेऊन पुन्हा माझ्याकडे आले. एक वर्ष राहिलं होतं. कर्ज काढलं असतं तर जमलं असतं. "खरं सांगा भाऊसाहेब, ही डिग्री किती आणे?"

आयुष्यात पहिल्यांदा मला कोणीतरी आण्यांत मत विचारत होतं. मी खुर्चीत टेकून बसलो आणि जाणकारासारखा म्हणालो, "सहाच्या वर नाही. त्यापेक्षा पतसंस्थेत जागा निघतेय. चेअरमन माझ्या ओळखीचे आहेत. मी शब्द टाकतो. बी.कॉम. बाहेरून होईल."

त्याच संध्याकाळी मला रेवतीचा फोन आला. "काका, तुम्ही अप्पांना सांगा ना. तुमचं ते ऐकतात. एकच वर्ष राहिलंय हो." मी "बघतो" म्हणालो. कोकणात 'बघतो'चा अर्थ काय होतो हे तिलाही माहीत होतं. तिने फोन ठेवला. ते 'बघतो' मला अजून टोचतं.

रेवती परत आली, पतसंस्थेच्या काउंटरवर बसली, बाहेरून बी.कॉम.ही झाली. आता याला पाच वर्षं होतील. आमचा हिशेब बरोबर होता, हे सांगायला हवं. तिचा पगार एक तारखेला जमा होतो आणि माझ्या पुतण्याच्या वर्तमानपत्राची आवृत्ती मध्यंतरी बंद पडली. हिशेब चुकला असता तर बरं झालं असतं, निदान चूक झाली असं म्हणता आलं असतं. घरात रेवती "हो", "नको", "जेवले" यापलीकडे बोलेना. गणपतीत माइक पुढे केला तर "घसा बसलाय" म्हणते. तिला गप्प बसवायला अप्पांना एक पैसा पडला नाही.

मग अप्पांना एक नवीन सवय लागली. रोज सकाळी बरोबर अकराला पेपर वाचायला माझ्याकडे यायचं आणि आमच्या जुन्या लँडलाइनवरून एक फोन करायचा. मला वाटायचं, वाशीच्या दलालाला करत असतील. पण पावसाळ्यातही फोन चालूच राहिला, तेव्हा मी जरा लक्ष दिलं. अप्पा नंबर फिरवायचे, डोळे मिटून ऐकायचे आणि एक शब्द न बोलता रिसीव्हर खाली ठेवायचे. एकदा मी न राहवून विचारलं.

"पतसंस्थेत लावतो," ते पेपरात तोंड घालून म्हणाले. "फोन उचलला की तिला अख्खं वाक्य म्हणावं लागतं. नियम आहे त्यांचा. 'नमस्कार, मी रेवती भाटकर बोलतेय, आपली काय सेवा करू?' अगदी रेडिओवाल्या आवाजात म्हणते. घरात तो आवाज नाय येत हो आता."

थोड्या वेळाने पेपर न हलवता पुन्हा म्हणाले, "दहा आण्यांना काढली मी तिला. माझी नजर एवढी पक्की, आणि घरातलंच फळ कळलं नाय." मला वाटलं, आता ते मलाही काहीतरी बोलतील. ते बोलले नाहीत, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

मागच्या आठवड्यात बागेत आंबे उतरवायला गडी आले म्हणून अप्पांना अचानक पावसला जावं लागलं. अकरा वाजून गेले. घरात फार सुनं वाटायला लागलं. काय मनात आलं कोण जाणे, सव्वाअकराला मीच तो नंबर फिरवला.

"नमस्कार, मी रेवती भाटकर बोलतेय, आपली काय सेवा करू?"

खरंच सुंदर आवाज. मी गप्प. मग अगदी हळू, घरातला आवाज आला.

"अप्पा, आज उशीर केलात. काकांचा नंबर मला लहानपणापासून पाठ आहे हो, इथे समोर दिसतो. कधीतरी बोला ना काहीतरी."

मी फोन ठेवून दिला. अप्पा नाहीत, मी आहे, हे सांगायचं मला धाडस झालं नाही. पाच वर्षांपूर्वी झालं नव्हतं तसंच.

दुसऱ्या दिवशी अप्पा आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ चपलेच्या अंगठ्याशी खेळत बसले. मग मीच नंबर फिरवला आणि रिसीव्हर त्यांच्या हातात दिला. आवाज मला समोरच्या खुर्चीपर्यंत ऐकू आला. नमस्कार, मी रेवती भाटकर बोलतेय.

अप्पांचे ओठ हलले. जगातल्या प्रत्येक माणसाचे आणे सांगणाऱ्या त्या गृहस्थांनी रिसीव्हरवर तळहात दाबून धरला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "भाऊसाहेब, काय बोलू?"