दौलतकाकांचा टप

दौलतकाका कुणाच्याही घरी गेले की आधी वर पाहत. माणसाकडे नंतर. ओसरीत पाऊल टाकायचं, मान मागे करायची, आढ्यापासून वळचणीपर्यंत नजर फिरवायची आणि मग "रामराम" म्हणायचं, असा त्यांचा क्रम होता. माझे आजोबा वारले तेव्हा ते भेटायला आले. घरात रडारड चाललेली. काका दारात उभे राहिले, वर पाहिलं, आणि माझ्या वडिलांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आढ्यापाशी दोन कवेलू फुटले हायत, किसना. म्हातारा गेला, पन पानी तं येनारच हाय." वडिलांना राग आला नाही. तिसऱ्या दिवशी काका स्वतः शिडी घेऊन आले आणि ते दोन कवेलू, म्हणजे कौलं, बदलून गेले.

मी अमरावतीला कॉलेजात निघालो तेव्हा सगळ्या गावानं काही ना काही विचारलं. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच. खाणार काय, राहणार कुठं, साहेब कधी होणार, असे प्रश्न. काकांनी एकच विचारला.

"तुह्या कॉलेजचं छप्पर कशाचं हाय?"

मला माहीत नव्हतं. पहिल्या सुट्टीत आलो तेव्हा त्यांनी पुन्हा विचारलं. मी तोवरही पाहिलं नव्हतं.

"चार महिने त्याच्याखाली बसला अन् वर पाह्यलं नाई? मंग शिकला काय?"



मंगरूळपीरहून मानोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आहे. काकांचं घर आमच्या शेजारी. जमीन बेताची, बैल चांगले, आणि एक दमणी. दमणी म्हणजे दोन बैलांची हलकी गाडी. वर टप असतो, दोन्ही तोंडांना पडदे असतात. शेतातल्या कामाला ती जुंपत नाहीत. जत्रेला जायचं, लग्नाला जायचं, लेकीबाळी आणायच्या, एवढ्यासाठीच ती असते. काकांना मूलबाळ नव्हतं आणि लग्नाला ते चालत जात. तरी दमणी होती. नुसती होती असं नाही, ती घरात होती. ओसरीतला अर्धा भाग तिनं अडवला होता. टपावर कौलांतून पाणी गळू नये म्हणून वर गवताचा मांडव, मांडवाला वाळवी लागू नये म्हणून खांबांना डांबर. आणि काका-काकू झोपत त्या खोलीत मात्र पावसाळ्यात तीन ठिकाणी गळायचं.

"माह्या डोक्शावर धड कवेलू नाई, अन् दमनीले मांडव!" पार्वताकाकू आमच्या आईला ऐकवायच्या, म्हणजे खरं तर भिंतीपलीकडच्या काकांना ऐकवायच्या. "पुढच्या जन्मी मी दमनीच होतो. तवा तरी पाह्यतीन माह्याकडं."

काका आतून म्हणायचे, "तुले भिजल्यानं काय होते? तू का कापडाची हाय?"

हे सगळं ऐकून आम्ही हसायचो. हसणं बंद कधी झालं ते मला आठवतं. एकदा पार्वताकाकूंनीच मला कारण सांगितलं.

काकांची एक धाकटी बहीण होती, गोदाआत्या. मंगरूळच्या पलीकडे तीन कोसांवर एका मोठ्या घरात दिलेली. त्या गावाचं नाव मी लिहीत नाही, ती माणसं अजून आहेत. त्या घरातल्या बायका पडद्यात राहतात. विहिरीवरही जात नाहीत. आत्याला लवकरच वैधव्य आलं आणि मग घराचा कारभार तिच्या भासऱ्यांकडे, म्हणजे थोरल्या दिराकडे, आबासाहेबांकडे गेला. पुढं एकदा काका तिला माहेरी आणत होते. तेव्हाचा टप साधा होता, कमट्यांवर बांधलेली बांबूची तट्टी. वावटळ आली आणि तट्टी उडाली. नाल्यावर चार-दोन माणसं गुरं पाजत होती. त्यांनी आत्याला पाहिलं. पाहिलं म्हणजे काय, एक बाई गाडीत बसलेली पाहिली. पण आबासाहेबांच्या कानावर गेलं. "आमच्या घरची बाई उघड्यावर आणली," ते म्हणाले, आणि तेव्हापासून आत्याचं माहेर बंद झालं.

"भाऊबीजेले हेच जाते, अंधाऱ्या माजघरात ओवायून घेते, वापस येते," काकू म्हणाल्या. "तिचं तोंड बी धड दिसत नाई म्हने तिथं."

नंतर आबासाहेबांचा नातू तापानं फणफणला. गोदाआत्यानं मंगरूळच्या पिराला नवस बोलला की पोर उठलं तर उरुसात चादर चढवीन. पोर उठलं. आता नवस त्यांच्याच नातवाचा, तेव्हा आबासाहेबांना सरळ नाही म्हणता येईना. त्यांनी एवढंच सांगितलं, "टप पक्का असला तं नेजा."

तेव्हापासून दर उरुसाच्या आधी दौलतकाका नवा टप घेऊन आबासाहेबांच्या दारात उभे राहत, आणि आबासाहेब टप नापास करत.

एका वर्षी काकांनी कापडाचा टप करून त्याला जवसाचं तेल आणि राळ पाजली. पाणी थांबलं खरं, पण टप वाळेना. कपाशीचा हंगाम अजून संपला नव्हता. रस्त्यात कापसाच्या गाड्या, जिनिंगपाशी हवेत कापूसच कापूस. तो सगळा टपाला चिकटला. आबासाहेब चौकटीत आले आणि म्हणाले, "दौलतराव, दमनी आनाची होती. तुमी तं मेंढी आनली."

दुसऱ्या वर्षी कुणा गवंड्यानं सांगितलं की जुन्या गच्च्या गळत नाहीत, कारण चुन्यात गूळ आणि बेलफळ घोटलेलं असतं. काकांनी तसाच चुना घोटून टपाला लिंपला. पायानं तुडवून तुडवून तळव्याची साल गेली. टप दगडासारखा झाला. आबासाहेब तपासायला आत बसले आणि गुळाला आलेले मुंगळे त्यांच्या सदऱ्यात शिरले. पुढचं काका कधी सांगत नसत. पण घरी परतेपर्यंत हिसक्यांनी तो सगळा चुना खपल्याखपल्यांनी रस्त्यात पडला होता.

पोरं त्यांना 'टपकाका' म्हणायची. पारावर कुणीतरी विचारायचंच, "काय दौलतभौ, औंदा कशाचा टप? पुरनपोयीचा का?"

"हासा लेकहो," काका म्हणायचे. "आभायाचा काई भरोसा नाई."

मला वाटतं, आबासाहेब आत्याला पाठवणार नाहीत हे गावात सगळ्यांना कळलं होतं. काकांनाच कळलं नव्हतं, की कळून घ्यायचं नव्हतं, हे मी सांगू शकत नाही. खोट कुठं आहे, ते काका टपातच शोधत होते.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना उरूस माझ्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आला. त्या वर्षीचा टप मी जवळून पाहिला. काकांनी अकोल्याहून पलटणीच्या तंबूचं जाड कापड आणलं होतं. जुन्या कमट्या काढून नव्या बांबूच्या वाकवल्या, त्यावर तट्टी, तट्टीवर कापडाचे दोन थर. शिवण मोच्याकडून शिकून घेतली आणि त्याची रापी, म्हणजे चामडं कापायचं धारदार हत्यार, मागूनच घेतली. ती कायम त्यांच्या कमरेला असे. शिवणीतल्या प्रत्येक टाक्याच्या भोकात त्यांनी मेण भरलं. प्रत्येक. मग मला आत बसवलं, हातात पुस्तक दिलं आणि वरून पाणी ओतलं.

"भिजलं का?" बाहेरून.

"नाही."

"कोनतं पान वाचून राह्यला?"

"अंधार आहे काका. काही दिसत नाही."

"बेस झालं!" ते म्हणाले. "म्हंजे भोक नाई."

आबासाहेबांच्या दारात आम्ही सकाळीच पोचलो. ते पांढरा सदरा घालून स्वतः दमणीत बसले, पडदे सोडायला लावले आणि माडीवरून गड्यांना घागरी ओतायला सांगितल्या. मी बारा मोजल्या. काका हात जोडून उभे होते, कुणासाठी ते मला कळलं नाही. आबासाहेब बाहेर आले. बाही कोरडी, धोतर कोरडं. आपल्या कोरड्या बाहीकडे ते असे पाहत होते, जणू तिनंच त्यांना फसवलं.

"नेजा," ते म्हणाले. "पन तिनं उतराचं नाई. चादर तुमी चढवा, तिनं आतूनच हात जोडाचे. पडदा उघडाचा नाई. अन् वापस आल्यावर टप मी पाहीन. वरून, आतून. एक भोक दिसलं तं पुन्हा या दारात दमनी आनू नका."

दोन मोलकरणींनी दोन्हीकडून धोतर धरलं आणि त्या आडोशानं आत्या दमणीत चढली. मला फक्त तिची पावलं दिसली.

उरुसात गर्दी होती. काकांनी दमणी एका कडुलिंबाखाली लावली आणि बैल सोडले. ते चादर चढवून आले. पडद्यापाशी तोंड नेऊन म्हणाले, "झालं बाई. जोड हात." आत काही हललं. ऊन चढत होतं. पलीकडे रहाटपाळणा फिरत होता.

"भाऊ," आतून आवाज आला. बारीक होता, मुलीसारखा. "हे कर्र कर्र काय वाजून राह्यलं?"

"पायना हाय. रहाटपायना."

"केवढा हाय?"

"हाय मोठा."

"आपल्या दारच्या लिंबाएवढा?"

"त्याच्याऊनही मोठा."

"बसनारे भेत नाईत?"

काकांनी पाळण्याकडे पाहिलं. "हासून राह्यले."

"सांग ना भाऊ, कसा फिरते?"

काकांनी हात वर केला आणि त्या बंद पडद्यासमोर हवेत एक मोठं वर्तुळ काढलं. "असा," ते म्हणाले. मग पुन्हा काढलं, आणखी मोठं. "असा... असा फिरते." आपला हात तिला दिसत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा तो तसाच वर राहिला होता.

आत आत्या हसली. "लई पक्का टप केला रे तू. काईच दिसत नाई."

ती टोचून बोलली नव्हती. कौतुकानंच म्हणाली. पण काकांचा चेहरा मी पाहिला आणि मान फिरवली.

पुन्हा वळून पाहिलं तेव्हा ते दमणीच्या चाकावर चढले होते. हातात रापी होती.

"काका!" मी ओरडलो.

"भाऊ, काय करून राह्यला?" आत्या घाबरली. "नको रे. आबासाहेब पाह्यतीन. मंग कधीच नाई धाडनार मले."

"अशी पेटीत घालून धाडत असन, तं कायले धाडते?" काका म्हणाले, आणि त्यांनी रापी खुपसली.

दोन थरांचं कापड होतं. पटकन फाटलं नाही. खालची तट्टीही कापावी लागली. शिवणीतलं मेण कण कण होऊन त्यांच्या मनगटावर पडत होतं. भाकरीएवढं भोक झालं, तेव्हा काका चाकावरून उतरले आणि बाजूला सरकले, म्हणजे पाळण्याच्या आड येऊ नये.

भोकात आत्याचा चेहरा आला. उन्हानं तिनं डोळे बारीक केले. मला वाटलं, ती पाळण्याकडे पाहील. तिनं आधी खाली पाहिलं, काकांकडे. बराच वेळ पाहत राहिली.

"भाऊ," ती म्हणाली, "तू केवढा म्हातारा झाला रे!"

"तू बी का कवळी राह्यली?" काका म्हणाले. "माह्याकडं काय पाह्यतं? तिकडं पाह्य. तिकडं."

मग तिनं पाळणा पाहिला.

पुढं काय झालं ते आताच सांगून टाकतो. आबासाहेबांनी भोकात चार बोटं घालून पाहिली आणि दार लावून घेतलं. आता भाऊबीजेलाही काकांना आत बोलावत नाहीत. लुगडं ओसरीवरून गड्याच्या हाती द्यावं लागतं. काकांनी ओसरीतला मांडव मोडला आणि त्याचं गवत बैलांना टाकलं. भोक बुजवलं नाही. लोकांच्या घरी गेले तर आता ते खालीच पाहतात. पार्वताकाकूंच्या अंगावर पावसाळ्यात पाणी पडतं आणि त्या नुसतं अंथरूण सरकवून झोपतात.

पण मला सांगायचं आहे ते परतीच्या वाटेचं. काका पुढे हाकायला बसले होते, मी मागून चालत होतो. उरुसाचा आवाज मागे पडला, तसा टपाच्या भोकातून एक हात बाहेर आला. बांगडी नसलेला. कोपरापर्यंत आला आणि तिथंच राहिला, पंजा उघडा. वारा होता. बोटं जराजरा हलत होती.

मी पुढे जाऊन काकांना हळूच सांगितलं. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. फक्त कासरा ओढला आणि बैल धिमे केले.

त्या रस्त्यावर तीन नाले आहेत. उन्हाळ्यात तिन्ही कोरडे ठणठणीत असतात. काकांनी प्रत्येक नाल्यात दमणी उभी केली आणि मला म्हणाले, "थांब जरासाक. बैलं पानी पेऊन राह्यले."