खंडेनवमीला पुजलेलं रॉकेट

"त्यात घाबरायचं काय? साधं भौतिकशास्त्र आहे!"

रणवीर जगतापने हे धारमध्ये, सासरच्या बैठकीत, अकरा माणसांसमोर जाहीर केलं. आवाज अगदी खणखणीत! खरं तर हा गृहस्थ लवंगी फटाक्यालासुद्धा भितो.

मंडळी, ही गोष्ट देवासात कुणाला माहीत नाही. तिथल्या एका कारखान्यात तो गिअर तपासतो आणि हाताखालच्या पंधरा जणांना दरडावतो. पण दिवाळी आली की दारंखिडक्या लावून घरात बसतो; निमित्त काही ना काही सापडतंच, अलीकडे तर लेकीचे दुखरे कान. गुपित फक्त बायकोला, राजनंदिनीला ठाऊक. निदान रणवीरची तशी समजूत होती. दहा वर्षांची उर्वी तर मैत्रिणींना छातीठोकपणे सांगे, "मेरे बाबा किसी से नहीं डरते!" ते ऐकलं की रणवीरची छाती फुगे, आणि लगेच धडधडू लागे. एक दिवस हिला खरं कळलं तर?

म्हणून तिने वाढदिवसाला रॉकेटचं किट मागितलं तेव्हा त्याच्या तोंडून नकार निघेना. पुठ्ठ्याची नळी, लाकडी पंख, प्लॅस्टिकचं टोक, आत घडी घातलेलं गुलाबी पॅराशूट. बापलेकींनी रविवारभर बसून ते चिकटवलं. इथवर मजाच होती! मग रणवीरने तळाला बसवायचं अंगठ्याएवढं इंजिन खोक्यातून काढलं आणि सुतळी बॉम्ब ठेवावा तसं हलकेच परत ठेवलं. माहितीपत्रक त्याने तीनदा वाचलं. तिन्ही वेळा घाम फुटला.

"दसऱ्याला आजोबांकडे उडवू!" उर्वीने ठरवून टाकलं.

धारला सासरे जगदेवराव म्हणजे जुन्या दरबारी घराण्यातला भारदस्त माणूस. मिशी अशी की दूधवालासुद्धा खाली मान घालून माप घाली. खंडेनवमीला त्यांच्या घरी शस्त्रपूजा असते. पाटावर तलवार, दोन कट्यारी, सासूबाईंची, म्हणजे अक्कांची, विळी, आणि मोटारसायकलची किल्ली. यंदा मधोमध, आपल्या तीन पायांच्या स्टँडवर, रॉकेट!

"मामा, ते खेळणं आहे हो," रणवीर सासऱ्यांना म्हणाला.

"पेटतं, उडतं, आणि खेळणं?" जगदेवराव गरजले. "जावईबापू, आमच्या घरातून पूजा झाल्याशिवाय शस्त्र वेशीबाहेर जात नसतं!"

अक्कांनी हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल खोचलं, आणि रॉकेट पडू नये म्हणून ते स्टँडच्या दांडीला नाडाछडीने सात वेढे देऊन बांधलं. वर तीन गाठी.

उर्वीने माहितीपत्रक पुढे केलं. "बाबा, इसमें लिखा है, रॉकेट दांडीवर फ्री सरकलं पाहिजे. धागा काढू?"

"पूजेचा नाडा तोडायचा नसतो गं बाई!" अक्का कळवळल्या. "सुटेल तेव्हा आपोआप सुटेल."

रणवीरला नियम पाठ होता. तोडायला हवा, हेही कळत होतं. पण त्याच क्षणी त्याच्या भित्र्या डोक्यात दिवाळी उजाडली. बांधलेलं रॉकेट उडणारच नाही! नुसतं फुस्स होईल, दोष नाड्याचा, आणि आपली अब्रू शाबूत!

"आजीचं मन मोडायचं नाही, बेटा," तो गंभीरपणे म्हणाला. उर्वी त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

दसऱ्याला शमीपूजन आटोपून सगळी मंडळी वेशीबाहेरच्या, सोयाबीन काढून मोकळ्या झालेल्या शेतात जमली. रणवीरने इंजिन बसवलं, तारा जोडल्या, आणि वायर संपेपर्यंत मागे सरकला. वायर जेमतेम पाच मीटर! ती पार मनावर गावापर्यंत का पुरत नाही, असं त्याला फार वाटलं. जगदेवराव फेटा बांधून सगळ्यांच्या पुढे, कमरेवर हात ठेवून उभे.

"तीन! दो! एक!" उर्वी ओरडली.

रणवीरने डोळे मिटून बटण दाबलं. काहीच झालं नाही. जिंकलो, असं त्याच्या मनात आलं.

आणि सूंऽऽऽऽ!

नाडा भलताच पक्का निघाला हो! रॉकेटने दांडी सोडली नाही. दांडीसकट, स्टँडसकट ते हातभर उचललं गेलं, कलंडलं, आणि स्टँडचे तिन्ही पाय हवेत नाचवत जमिनीवरून थेट माणसांच्या दिशेने सुटलं! "अरे भागो भिया!" कुणीतरी बोंबललं. रणवीरने बटण फेकलं आणि जो धावत सुटला तो चपला मागेच राहिल्या. मागे वळून बघायची हिंमत नव्हती. लेक कुठे आहे हेही बघितलं नाही, आणि हे धावतानाच आठवून त्याला स्वतःची शरम वाटली. पण पाय थांबेनात!

इतक्यात उजवीकडून कुणीतरी त्याला मागे टाकून गेलं. फेटा सुटून मागे दहा हात फडफडत होता. जगदेवराव!

दोघंही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागे एकमेकांवर कोसळले. सगळं शांत झालं.

"गेलं का?" जगदेवरावांनी कुजबुजत विचारलं.

"बघा की."

"छे छे. जावयाचा मान पहिला."

फट्!

"आई भवानी!" जगदेवरावांनी रणवीरच्या गळ्याला मिठीच मारली. पॅराशूट बाहेर फेकणारा दुसरा बार होता तो. रणवीरने त्याबद्दल तीनदा वाचलं होतं, तरी त्यानेही सासऱ्यांच्या फेट्यात तोंड खुपसलं.

डोळे उघडले तर समोर उर्वी. हातात गुलाबी पॅराशूटमध्ये गुंडाळलेलं रॉकेट. ती पळालीच नव्हती.

लांबून अक्कांची हाक आली, "काय झालं गं?"

"कुछ नहीं, आजी!" उर्वी ओरडली. "बाबा आजोबांना वाचवत होते!"

मग ती खाली बसली. रणवीरला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "दिवाळीला माझे कान दुखतात ना? ते दुखत नाहीत. मी असंच बोलते. म्हणजे तुम्हाला माझ्याजवळ घरात बसता येतं."

 चार वर्षं रणवीर पोरीच्या कानात कोमट तेल घालत होता! त्याने तिला जवळ ओढलं.

ट्रॉलीच्या चाकाला टेकून जगदेवराव फेटा गोळा करत होते. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, मिशीवरची माती पुसली आणि खाकरले.

"उर्वीबाळ," ते म्हणाले, "यंदाच्या दिवाळीत तुझे कान आमच्याकडे धारला येऊन दुखले, तर चालेल का?"