एक घर, एक इनबॉक्स

बायको कॉम्प्युटरसमोर बसून एकटीच हसते, ही गोष्ट दिनेश गायधनीला पहिल्यापासून खटकत होती.

साल २००१. इंदिरानगरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये नुकताच कॉम्प्युटर आला होता. मोहिनी देवळाली कॅम्पातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायची. तिच्या कॉलेजच्या मैत्रिणी चहूकडे पांगल्या होत्या, त्या आता ईमेलवर पुन्हा गोळा झाल्या. संध्याकाळी हातपाय धुऊन ती त्यांची पत्रं वाचायला बसे आणि हसे. अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. दिनेश सिन्नरच्या एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळायचा. तिथले गमतीदार प्रसंग त्यानेही बायकोला सांगून पाहिले होते. (बेअरिंगच्या खोक्यात चहाचे कप निघाल्याचा प्रसंग तर त्याने नकलेसकट सांगितला होता.) तेव्हा ती म्हणाली होती, "बरं मग?"

शिवाय इंटरनेट फोनच्याच लाइनवर चाले, त्यामुळे ती पत्रं वाचत असेपर्यंत घरचा फोन अडकून राही. सटाण्याहून सासूबाईंचा फोन लागेना, तेव्हा त्यांनी जावयाला काहीतरी झालं असावं असं धरून शेजाऱ्यांना फोन केला. कंपनीच्या बसमध्ये दिनेशच्या शेजारी योगेश आहेर बसायचा, त्याला सगळ्याच विषयांतलं कळे. त्याने सल्ला दिला, की पत्रं घरच्या कॉम्प्युटरवर उतरवून घेणारा प्रोग्राम टाक, मग लाइन तोडून वहिनींना सावकाश वाचू दे.

असे दोन प्रोग्राम त्यांच्यापुढे होते. मोहिनीला मासिकाच्या सीडीवर आलेला नवा हवा होता. त्यात घरातल्या प्रत्येकाला वेगळा कप्पा आणि वेगळा पासवर्ड होता. दिनेशने मात्र कॉम्प्युटरवर आधीपासून पडून असलेला जुना प्रोग्राम हट्टाने लावून घेतला. त्यात सगळ्यांची पत्रं एकाच ठिकाणी पडत. आपल्यात काय वेगळं आहे, तो म्हणाला, घर एक तर इनबॉक्सही एक. मोहिनीला ते ऐकून जरा बरंच वाटलं. असलं वाक्य तिने नवऱ्याच्या तोंडून बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं.

दिनेश दुसऱ्याची पत्रं वाचणाऱ्यांपैकी नव्हता. (कोणाची येतात, एवढंच त्याला पाहायचं होतं.)

थोड्याच दिवसांत तो प्रोग्राम रुसायला लागला. एका मैत्रिणीने बारशाचे फोटो पाठवले, ते अर्ध्यात अडकले आणि त्यामागची सगळी पत्रं खोळंबली. दिनेशने काही दोष मान्य केला नाही. मशीन नवीन आहे, त्याला सवय होईल, असं तो म्हणाला. मोहिनीने मग त्याच्याशी वाद घालणं सोडलं आणि आपल्या परीने काय करायचं ते केलं. काय केलं, ते तिने त्याला सांगितलं नाही, कारण त्याने विचारलं नाही.

आणि एका संध्याकाळी मोहिनी भाजी आणायला गेलेली असताना दिनेशला इनबॉक्समध्ये एक नाव दिसलं. अमित.

त्याने पत्र उघडलं. मराठीच होतं, पण इंग्रजी अक्षरांत, त्यामुळे त्याला ते बोट ठेवून वाचावं लागलं. "मोहिनीमॅडम, तुमचा त्रास समजला. तो जुना झालाय, म्हणून सारखा अडकतो. तुम्ही इतके दिवस सांभाळून घेतलंत, हेच खूप आहे."

दिनेशचा उजवा गुडघा जिना चढताना अडकत असे. ही घरातली गोष्ट होती, बाहेर कुणाला ठाऊक नव्हती.

दोन दिवसांनी दुसरं पत्र आलं. "जुना पूर्ण काढून टाकल्याशिवाय नवा नीट बसणार नाही. मनाची तयारी झाली की दुपारी कळवा. दुपारी लाइन मोकळी असते. आणि पासवर्ड घरच्यांनासुद्धा सांगू नका."

दुपारी दिनेश सिन्नरला असे. त्या माणसाने तेही हेरून ठेवलं होतं. (आपण पाठवलेली पत्रंही कॉम्प्युटरमध्येच एका कप्प्यात राहतात, हे दिनेशला माहीत असतं, तर मोहिनीने काय विचारलं होतं ते त्याला लगेच वाचता आलं असतं. पण त्याला तो कप्पा ठाऊक नव्हता.)

त्या दिवसापासून दिनेश बदलला. त्याने केस काळे केले, आणि थोडे कानही झाले. मोहिनीच्या देखत तो जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढू लागला आणि वर पोचल्यावर चपला काढायच्या निमित्ताने बराच वेळ वाकून राहू लागला. शाळेत कुणी अमित आहे का, असं त्याने जेवताना सहज म्हणून विचारलं. सातवी ब मध्ये तिघं आहेत, मोहिनी म्हणाली, आणि तिघंही नापास आहेत. रस्त्यात आता जिकडेतिकडे अमितच दिसायला लागले. अमित टेलर्स, अमित रसवंती, अमित ड्रायव्हिंग स्कूल. रसवंतीवाल्याकडे तर तो एकदा मुद्दाम रस प्यायला गेला. गल्ल्यावर बसलेल्या म्हाताऱ्याने अमित हा आपला नातू असून तो अजून रांगतो असं सांगितलं, तेव्हा दिनेशने आनंदाने आणखी एक ग्लास घेतला.

हे सगळं कुणाजवळ तरी बोलायला हवं होतं. पण बसमध्ये आहेरशी बोलायचं म्हणजे अख्ख्या पाळीला सांगण्यासारखं. म्हणून दिनेशने आयुष्यातला पहिला ईमेल लिहायला घेतला. आहेरचा पत्ता टाकायला त्याने 'ए' दाबला, तर पुढचा पत्ता प्रोग्रामने आपणहून भरला. या सोयीचं त्याला कौतुक वाटलं. पत्ता कुणाचा आला, ते त्याने बघितलंही नाही. त्याने लिहिलं, की घराला आग लागली आहे, अमित नावाचा एक हलकट माझ्या बायकोच्या मागे आहे, तो कुठे बसतो एवढं शोधून दे, मी त्याचे दोन्ही पाय मोडतो. खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं आणि पत्र पाठवून दिलं.

उत्तर हाती पडलं ते रविवारी सकाळी. मोहिनी कॉम्प्युटरपाशी होती, दिनेश खाली बसून मटार सोलत होता. बराच वेळ ती हसली नाही, म्हणून त्याने मान वर केली.

"तुमचं पत्र आहे," ती म्हणाली, आणि तिने ते वाचून दाखवलं.

"दिनेशसर, आपला निरोप मिळाला. आमचं इंटरनेटचं ऑफिस कॉलेज रोडला पहिल्या मजल्यावर आहे, रविवारी बंद असतं. पाय मोडायला याल तेव्हा कृपया कॉम्प्युटरही घेऊन या, म्हणजे तो जुना ईमेल प्रोग्राम काढून नवा बसवून देतो. मॅडमना फोनवर पुष्कळ समजावलं, पण तुमचा जुन्यावर जीव आहे असं त्या म्हणाल्या. आपला, अमित, ग्राहक सेवा."

त्याखाली दिनेशचं मूळ पत्र, हलकटसकट, जसंच्या तसं होतं.

दिनेश मटाराच्या टरफलांकडे बघत राहिला.

"तुम्ही माझी पत्रं वाचलीत?"

"तुझी नाही. त्याची."

"मला विचारता आलं नसतं?"

"विचारलं असतं, आणि तू हो म्हणाली असतीस तर?"

मोहिनीने शेजारी बसून मटार सोलायला घेतले, पण पुढे बरेच दिवस ती नवऱ्याशी नापास मुलांच्या पालकांशी बोलावं तशा आवाजात बोलत होती.

सोमवारी दिनेशने रजा टाकली आणि कॉम्प्युटर मांडीवर घेऊन रिक्षाने कॉलेज रोड गाठला. अमित हा चष्मा लावणारा, अतिशय सभ्य गृहस्थ निघाला. त्याने त्या पत्राचा उल्लेखही केला नाही, उलट चहा मागवला. फक्त दिनेश तिथे होता तोवर त्याने आपले पाय टेबलाखालून बाहेर काढले नाहीत.

नवा प्रोग्राम बसला. दोघांचे दोन कप्पे झाले, दोन पासवर्ड झाले. मोहिनीचा राग हळूहळू गेला आणि ती पुन्हा मैत्रिणींची पत्रं वाचून हसू लागली. दिनेशचा कप्पा मात्र रिकामा. तो रोज उघडायचा आणि रोज बंद करायचा. बायको कधी चुकूनसुद्धा विचारत नव्हती, की तुम्हाला कुणाचं आलं? हे त्याला आता अमितपेक्षाही जास्त लागलं.

शेवटी त्याने एका सायबर कॅफेत जाऊन वैष्णवी नावाने एक पत्ता उघडला, आणि तिच्याकडून स्वतःला इंग्रजीत एक बऱ्यापैकी जिव्हाळ्याचं पत्र पाठवलं. घरी ते उघडून पडद्यावर तसंच ठेवलं आणि तो लांबलचक आंघोळीला गेला. बाहेर आला तेव्हा मोहिनी स्वयंपाकघरात होती आणि गप्प होती. त्याला फार दिवसांनी समाधान वाटलं.

जेवताना तिने त्याच्या भातावर आमटी वाढली आणि म्हणाली, "तुमच्या त्या वैष्णवीचं पत्र पाहिलं मी. उघडंच होतं म्हणून."

दिनेशने घास तसाच हातात धरला.

"चांगली वाटते हो मुलगी," मोहिनी म्हणाली. "फक्त तिला कळवा, 'रिसीव्ह'मध्ये 'ई' आधी येतो आणि 'आय' नंतर. आपलं लग्न ठरल्यापासून तुम्हाला सांगतेय. तुम्ही नाही, निदान तिने तरी ऐकावं."