चेतनाला छपाईपुरता अधिकार

बोरीवली पूर्वेच्या आमच्या 'मैत्रबन' सोसायटीत कॉम्प्युटर एकच आहे आणि तो ऑफिसात आहे. त्याचा मुख्य पासवर्ड सेक्रेटरी नंदकिशोर सामंत यांच्या डोक्यात असतो. ऑफिसचं काम मात्र सगळं चेतना करते. नवा प्रिंटर आल्यापासून तो प्रत्येक कागदाला मुख्य पासवर्ड मागू लागला, आणि सामंत सातव्या मजल्यावरून खाली येऊन, कीबोर्डवर रुमाल पांघरून तो घालू लागले. ही व्यवस्था अत्यंत सुरक्षित होती. मग सामंतांचा गुडघा आखडला आणि व्यवस्था सातव्या मजल्यावर अडकली.

नेमकं त्याच आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या सुलक्षणाताईंना रहिवासाचं पत्र हवं होतं. बासष्टाव्या वर्षी त्या पहिला पासपोर्ट काढत होत्या. मस्कतला लेकीचे दिवस भरत आले होते. विजेचं बिल अजून गेलेल्या यजमानांच्या नावावर, त्यामुळे सोसायटीच्या पत्रावरच सगळी भिस्त. पासपोर्ट ऑफिसची वेळ गुरुवारी सकाळी दहाची होती.

सोमवारी चेतनाने सामंतांना फोन केला. "काका, मला फक्त प्रिंटपुरता अधिकार द्या ना. कॉम्प्युटरमध्ये तशी सोय असते. बाकी कशाला हात नाही लावणार."

"आज प्रिंट मागतेस, उद्या अख्खी सोसायटी मागशील," सामंत म्हणाले आणि त्यांनी स्वतःच्या घरी सगळ्या सभासदांची तातडीची सभा बोलावली. चेतनाचा ठराव मताला टाकला, पण एकही हात वर झाला नाही. मग 'मर्यादित अधिकार उपसमिती' नेमण्यात आली. तिचा अध्यक्ष मी.

मी वाचून गेलो होतो. सुरक्षेचं तत्त्व असं, की अधिकार कमीत कमी द्यावा. त्यावर दोन तास ऊहापोह झाला. ज्याला काम असतं तो अधिकार वापरतो, आणि वापरला की धोका. तेव्हा जो अधिकार कमीत कमी वापरेल, त्यालाच तो द्यावा असं ठरलं. चेतना रोज चाळीस कागद छापते, म्हणून ती पहिल्याच फेरीत अपात्र ठरली. कमिटीतल्या खंडूअण्णा परबांनी जन्मात माऊसला हात लावलेला नव्हता. ते एकमताने पात्र ठरले.

"माका कित्याक?" खंडूअण्णा घाबरले. "माका त्यातला काय एक कळना नाय."

"म्हणूनच," मी म्हणालो.

मंगळवारी केतनभाई रुसले. "अकरा वर्षं कमिटीत आहे यार मी. अण्णांना अधिकार, आणि मी काय इथे चहा प्यायला येतो?" त्यांचं बरोबर होतं. मग कमिटीच्या नऊही सदस्यांना अधिकार द्यायचं ठरलं. पण कोणाची मर्यादा किती यावरून हमरीतुमरी झाली, म्हणून सगळ्यांना पूर्ण अधिकार दिला आणि मुदत तेवढी मर्यादित ठेवली: पुढच्या निवडणुकीपर्यंत.

बुधवारी सकाळी नऊही जण पासवर्ड विसरले. सामंतांनी तो सूचनाफलकावर लावायला सांगितलं, काचेआड, कुलूप घालून. खाली ओळ लिहिली: 'फक्त समिती सदस्यांनी वाचावे.' दुपारी एका कुरिअरवाल्याने तो वाचून भावाच्या लग्नपत्रिकेचे चार नमुने छापून नेले. चेतना पत्र टाइप करून फलकाकडे पाठ करून बसली होती. नियम मोडला तर नोकरी जाते, हे तिच्या नेमणूकपत्रात आहे. मी लगेच काचेवर वर्तमानपत्र चिकटवलं आणि पासवर्ड चिठ्ठीवर उतरवून खिशात ठेवला.

गुरुवारी साडेआठला सुलक्षणाताई नवी साडी नेसून ऑफिसात आल्या.

"अहो, तुम्ही तरी दाबा ना एकदा. लेक एकटी आहे हो तिकडे."

चिठ्ठी माझ्या खिशातच होती. पण मी दाबलं असतं, तर माझा वापर खंडूअण्णांपेक्षा एकाने जास्त झाला असता, आणि मीच घालून दिलेल्या तत्त्वाप्रमाणे मी अपात्र ठरलो असतो. हे मी त्यांना सविस्तर समजावलं. समजावेपर्यंत दहा वाजले. नवी तारीख दीड महिन्यानंतरची मिळाली. बाळ काही तेवढं थांबणार नाही. मला वाईट वाटलं, खरंच वाटलं.

तुम्ही मला हसताय. हसा. पण आधी हातातला मोबाइल बघा. त्यातल्या टॉर्चच्या अ‍ॅपने उजेड पाडायला तुमचे फोटो, तुमच्या माणसांचे नंबर आणि तुमचा ठावठिकाणा मागितला होता. तुम्ही न वाचता 'परवानगी द्या' दाबलंत. आणि चेतनाच्या ठरावाला सभेत हात वर करा म्हटलं, तेव्हा तुम्ही तोच मोबाइल बघत बसला होतात.