साडूच्या गाडीची जाळी

शिवशंकरची गाडी दारात येऊन थांबली, की वैजीनाथच्या छातीत जळजळ सुरू व्हायची. बायको सारजाबाई त्याला ओव्याचं पाणी द्यायची. उपयोग काही व्हायचा नाही, कारण ही जळजळ खाण्यापिण्यातली नव्हतीच. शिवशंकर म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा, वैजीनाथचा सख्खा साडू. जिंतूरला त्याचं कापसाचं दुकान. त्याने कुठून तरी एक जुनी पांढरी अँबेसेडर पैदा केली होती आणि तीत बसून तो पाहुण्यारावळ्यांत हिंडायचा. गाडीच्या तोंडावरची चकचकीत जाळी त्याने इतकी घासूनपुसून ठेवलेली, की बायका तिच्यात बघून कुंकू सारखं करायच्या.

वास्तविक राणीसावरगावात वैजीनाथकडेही अँबेसेडर होती. तीही वडिलांच्या हातची, शिवशंकरच्या गाडीपेक्षा पुष्कळ जुनी. पण भांड्यांच्या दुकानामागे पत्र्याच्या शेडमध्ये ती गरीब सुनेसारखी गप उभी असायची. चालायची, एवढंच. तिची जाळी पार खिळखिळी झालेली होती, आणि बॉनेटवर घरची तांबडी कोंबडी मालकिणीसारखी बसलेली असायची. तिला उठवायची कुणाची हिंमत नव्हती.

अशात पाथरीच्या मेहुण्याने, सूर्यभानने, आपल्या लेकीचं, धनश्रीचं, लग्न काढलं. त्याने दोन्ही दाजींना फोन करून सांगितलं, की मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत नवरदेवाला जुन्या गाडीतून मिरवत आणायचं आहे. दोघांच्याही गाड्या येऊ द्या, जी शोभेल तिच्यात नवरदेव बसेल. गाडी चालवणाऱ्या दाजीला भर मांडवात फेटा बांधायचंही ठरलं होतं. त्या दिवसापासून वैजीनाथला झोपेत शिवशंकरच्या डोक्यावर फेटा दिसायला लागला.

मग तो एके दिवशी सहज म्हणून जिंतूरला गेला, साडूकडे पोटभर जेवला आणि हात धुवायच्या निमित्ताने अंगणात गेला. हात धुतले नाहीत. शिवशंकरच्या गाडीचा समोरून फोटो काढला आणि परभणीच्या चन्नबसप्पाला पाठवला. जुन्या गाड्यांचं सामान विकणारा तो एकच माणूस त्याला ठाऊक होता. खाली लिहिलं, "अशीच जाळी पाहिजे." पैसेही लगोलग पाठवून दिले.

जाळी आली. सारजाबाईने रीतीप्रमाणे तिच्यावर भस्माची तीन बोटं ओढली आणि नारळ फोडला, तोही नेमका जाळीच्याच कडेवर. कडेला बारीकसा पोचा आला. गावातला मेकॅनिक राम जाळी बसवायला गेला, तर ती दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. त्याने फिरवून बघितली, दाबून बघितली आणि शेवटी सांगितलं, की ही पुढच्या मॉडेलची जाळी आहे, या गाडीला जन्मात बसायची नाही.

वैजीनाथने तावातावाने परभणीला फोन लावला.

"माल चुकीचा पाठवलाव तुमी. पैसे वापस करा."

"फोटोतल्या गाडीचीच जाळी दिली ना मी," चन्नबसप्पा शांतपणे म्हणाला. "गाडी तुमचीच हाय ना?"

इथे खरं बोलला असता तर गोष्ट इथेच मिटली असती. पण साडूच्या गाडीचा चोरून फोटो काढला, हे परक्या माणसाला सांगायचं कसं?

"माझीच हाय. दुसऱ्या कुणाची असंल?"

"मग बसायलाच पाहिजे. गाडी घेऊन या हिकडं. फोटोतल्या गाडीला जाळी बसली न्हाई, तर सगळे पैसे वापस."

आता फोटोतली गाडी आणायची म्हणजे शिवशंकरकडून मागून आणायची. आणि आणली, तर जाळी तिला झक्कास बसणार. वैजीनाथने पुष्कळ विचार केला आणि जाळी गोणपाटात गुंडाळून एकटाच एसटीने परभणीला गेला.

चन्नबसप्पाने गोणपाट सोडलं. भस्म दिसताच त्याने आधी जाळीला हात जोडले, मग पोच्यावरून बोट फिरवलं.

"ह्याच्यावर नारळ फोडलाय का?"

"पूजा केली. नवी वस्तू घरात आली तर करत न्हाईत का?"

"करावी की. पण पूजा झालेली वस्तू मी वापस कशी घेऊ?" मग त्याने विचारलं, "तुमचं दुकान कशाचं हाय म्हणलाव?"

"भांड्याचं."

"तिथं भिंतीवर पाटी काय लावलीय?"

पाटी वैजीनाथने स्वतः रंगवून घेतली होती, चांगल्या ठळक अक्षरांत. विकलेला माल परत घेतला जाणार नाही. त्या पाटीकडे बोट दाखवून त्याने आजवर किती बायांना कुकर घेऊन माघारी धाडलं होतं, याची गणती नव्हती. त्यातली एकेक आता त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. शेवटी त्याने मान खाली घालून कबूल केलं, की गाडी साडूची आहे.

चन्नबसप्पा हसला नाही, ही त्याची मोठी मेहेरबानी. त्याने तोड काढली. साडूचा नंबर द्या, त्याला जाळी लागत असेल तर त्याला विकतो आणि पैसे तुम्हाला देतो, तुमचं नाव काढत नाही. वैजीनाथला हे विषासारखं कडू लागलं. पण रिकाम्या हाताने घरी जाऊन सारजाबाईला काय सांगणार? त्याने नंबर दिला. लग्नात गाडी मिरवायची म्हणून शिवशंकरने जाळी लगेच घेतली आणि वैजीनाथचे पैसे परत आले.

लग्नात व्हायचं तेच झालं. नव्या जाळीने शिवशंकरची गाडी आरशासारखी लखलखत होती. सूर्यभानने एकदाच पाहिलं आणि नवरदेवाला तिच्यात बसवलं. वैजीनाथच्या गाडीत बुंदीच्या पराती ठेवल्या. सारजाबाई बहिणीच्या गाडीचं कौतुक करायला वाकली, तिला जाळीच्या कडेचा पोचा दिसला, आणि तिने वळून नवऱ्याकडे असं पाहिलं, की त्याने बुंदीच्या परातीवरचं फडकं उगाच नीट केलं. स्वतः पैसे मोजून आणलेली, स्वतःच्या घरी पुजलेली जाळी साडूच्या गाडीवर मिरवत होती, आणि फेटाही त्याच्याच डोक्यावर चढला होता. वैजीनाथला जेवण गेलं नाही.

पाथरीची चार म्हातारी माणसं मात्र नवरदेवाला सोडून वैजीनाथच्या गाडीभोवती जमली होती. बॉनेटच्या मधोमध गेलेल्या लांब चकचकीत पट्टीवरून ती मायेने हात फिरवत होती आणि अशी पट्टी आता बघायला मिळत नाही, असं एकमेकांना सांगत होती. वैजीनाथचं तिकडे लक्ष नव्हतं. तो जाळीकडे बघत होता.

पुढे शिवशंकर जोडीने राणीसावरगावला जेवायला येऊन गेला. त्यानंतर एका सकाळी चन्नबसप्पाचा फोन आला.

"एक विचारायचं होतं. तुमच्या जिंतूरच्या साडूनं फोटो पाठवलाय. बॉनेटवरची लांब पट्टी पाहिजे म्हणायलाय, अशीच. मी विचारलं गाडी कुणाची, तर म्हणला माझीच. मागच्यासारखा घोटाळा नको म्हणून तुमाला फोन केला."

"मग?"

"बॉनेटवर एक तांबडी कोंबडी बसलीय. ही कोंबडी तुमच्या साडूची हाय का?"

वैजीनाथने शेडकडे पाहिलं. कोंबडी जागेवर होती. जेवून उठल्यावर शिवशंकर हात धुवायला दुकानामागे गेला होता आणि बराच वेळ आला नव्हता, हे त्याला आठवलं. छातीतली जळजळ कुठल्या कुठे गेली. ओव्याचं पाणी पिऊन जे झालं नव्हतं, ते एका फोनने झालं.

"त्याचीच हाय कोंबडी," तो गंभीरपणे म्हणाला. "अन् गाडीबी त्याचीच. पट्टी द्या पाठवून. पैसे आधी घ्या."

"बसंल ना पण त्याच्या गाडीला?"

"ते बघंल तो. तुमी फक्त दुकानात एक पाटी लावून घ्या."

कुठली पाटी, हे चन्नबसप्पाने विचारलं नाही. वैजीनाथने फोन खिशात ठेवला, घरातून ओंजळभर ज्वारी आणली आणि कोंबडीला न उठवता बॉनेटवरच तिच्यापुढे ठेवली.